एकाच झाडाला दोन झुले

ती. आई,
नमस्कार. मी धडधाकट आहे.

१. मोहिमेच्या वाटेवरच्या दलदलीत कोरडी जमीन नव्हती, म्हणून सगळे झाडांना झुले बांधून झोपलो.
२. एरवी तुझ्या होणाऱ्या जावयाचा आणि माझा झुला एकाच झाडाला असतो. या वेळी त्याने आपला लांब बांधला.
३. गटप्रमुख हसले, "नवरदेव रुसले वाटतं!"
४. सकाळी तो मला म्हणाला, "लग्न नको."

पुढेही आम्ही एकाच रांगेत चिखल तुडवला. तू दिलेले मोजे गमबुटांत कोरडे राहिले. संध्याकाळी झुला बांधताना मी झाडाची दुसरी बाजू अजून मोकळी सोडते.

बाबांचा गुडघा कसा आहे? पत्रिका छापायला दिल्या नसतील तर त्यांना थांबव. त्यांना कारण तू सांगशील का? माझ्या तोंडून निघणार नाही.

गुरुवारी आम्ही तळावर पोचू, तोपर्यंत तिथे कळव.

तुझी,
धाकटी