‘मंगळावर मुक्काम’ची दुरुस्ती

३ फेब्रुवारी, सकाळी ९
आजपासून लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग दुय्यम. मी आता व्हीएफएक्स सुपरवायझर. अकोल्यातल्या दुकानाची पाटी बदलायला टाकली.
केशवराव अमरावतीहून येऊन त्यांनी काढलेल्या जुन्या मालिकेची कॅसेट देऊन गेले. ‘मंगळावर मुक्काम’, १९९४, तिकडच्या केबलवर लागायची. १ मार्चला जुन्या मंडळींना पुन्हा दाखवायची आहे. म्हणाले, फक्त कॉम्प्युटरवर घेऊन दे. फक्त! अमरावतीकरांची झेप तेवढीच. मी सगळे इफेक्ट नवे करणार. शेवटी माझं नाव. पुण्याचे स्टुडिओ फोन करतील.

५ फेब्रुवारी
पाहिली. डोळे धुवावे लागले. यान म्हणजे उलटा कुकर, त्याला सायकलचे मडगार्ड. दोरा दिसतो. मंगळ म्हणजे गेरू फासलेली सरकीची ढेप. तिसऱ्या भागात तर यान हलवणारा बाईचा हातच फ्रेममध्ये घुसलाय, तेरा सेकंद! यावर लोक शिट्ट्या मारायचे म्हणे. अडाणी.
कॅसेटला बुरशी होती. कॉम्प्युटरवर कॉपी उतरली आणि तुटली. फेकली.

८ फेब्रुवारी
यान बनवणारे देवमनजी बार्शीटाकळीहून एसटीनं आले. रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. म्हणाले, कुलदीप, जसं हाय तसंच राहू दे बाप्पा, काईच काढू नोको. जळतात माझ्यावर. चहा विचारला नाही.
पायल म्हणाली, वडिलांच्या वयाचा माणूस, निदान पाणी तरी द्यायचं. बायकोला व्हीएफएक्समधलं काय कळतं?

१४ फेब्रुवारी
दोरा उडवला. यान चकाचक. आता स्फोट. माझ्याकडे फक्त लग्नाचं पॅकेज आहे: गुलाबाच्या पाकळ्या, बदाम, कबुतरं. पाकळ्यांना नारिंगी केलं. आग वाटते. दुरून.
पायल म्हणाली, यानाची वरात निघाली का? तिच्याशी बोलणं बंद.

१९ फेब्रुवारी
तो हात पुसतोय. तेरा सेकंद म्हणजे तीनशे पंचवीस फ्रेम, एकेक करून. मनगटावर गोंदण आहे, तेच सारखं मागे उरतं. मोठं करून पाहिलं. ‘देवमन’. मास्तरनं स्वतःची जाहिरात कुठे केली पाहा! चार दिवस तेच नाव पुसतोय. स्वप्नातही दिसतं.

२४ फेब्रुवारी
फायनल. आमच्या लाइनचा नियम: फायनल झाली की रॉ, म्हणजे मूळ कॉपी, डिलीट. नाहीतर पार्टी वर्षभर येते, आत्याचा सीन कुठे गेला म्हणून. डिलीट मारलं. हलकं वाटलं.

१ मार्च, अमरावती
एकही शिट्टी नाही. पाकळ्यांना हसले, नालायक. तिसरा भाग लागला तसे देवमनजी उठून पार पडद्याला नाक लावून उभे राहिले. यान गेलं. एकदम स्वच्छ. मागून कुणी म्हणालं, बसा मास्तर, आमाले दिसून नाई राहिलं. ते म्हणाले, मलेई नाई दिसून राहिलं.
केशवरावांनी मला कोपऱ्यात घेतलं. तो हात सुंदराबाईचा. मास्तरची बायको, मालिका झाली त्याच साली गेली. तिचा एक फोटो आहे, तोही धुरकट. हलताना फक्त ते तेरा सेकंद. तेवढ्यासाठी तर कार्यक्रम ठेवला होता.
मग आधी सांगायचं ना! मला काय स्वप्न पडतं? जुनी कॉपी लाव म्हणाले. मी म्हणालो, पेनड्राइव्ह अकोल्यात राहिला.

५ मार्च
रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं. तीन लग्नं आणि एक बारसं परत आलं. मालिका नाही. दोष कॉम्प्युटरचा.
देवमनजींना खरं सांगितलं. शिव्या देतील म्हणून दार उघडं ठेवलं होतं. ते खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले. त्याचा राग आला.

१२ मार्च, सकाळी ११
वरातीच्या व्हिडिओंतल्या बायकांचे हात कापून यानाला लावून पाहतोय. आजचा नववा. देवमनजी रोज पहिल्या बसनं येतात, खुर्चीवर बसतात, बघतात. म्हणतात, नाई, हा तिचा नाई.
चहा मीच आणतो.
आज मनगटावर गोंदण घातलं. समोर काहीच नव्हतं, आठवून काढलं. ‘द’ जरा वाकडा, ‘न’ची काडी लांब. देवमनजी स्क्रीनच्या जवळ सरकले. म्हणाले, नाव बरोबर हाय.
मग म्हणाले, हात दुसऱ्याचा हाय.