सभागृहातला सर्वांत मोठा आवाज

११ फेब्रुवारी, दुपार
निवडून आलो! दोनशे बारा मतांनी. विरोधक म्हणतात, काठावर पास. जळतात लेकाचे. बावीस वर्षं गावच्या कोर्टात घसा फोडला, त्याचं चीज झालं. प्रचारात वचन एकच दिलं होतं: आपलं कोर्ट जिल्ह्याला हलू देणार नाही. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मेहुण्याच्या. त्याचा स्वार्थ आहे म्हणा. बायकोचा थोरला भाऊ, कोर्टाच्या फाटकाशी टाइपरायटर घेऊन बसतो. कोर्ट गेलं तर तो टाइप काय करणार, कपाळ?

१३ फेब्रुवारी
संकल्प. रोज डायरी लिहिणे. कोर्ट वाचवणे. मेहुण्याला फाटकाशी पत्र्याची शेड बांधून देणे. भात कमी.
मेहुण्याला काळजी, तिकडे तुम्हाला कागद कोण वाचून दाखवणार. त्याची एक खोड आहे. टाइप केलेला प्रत्येक अर्ज सहीच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवतो, समोर अशील असो की वकील. त्यामुळे बावीस वर्षांत माझा एकही अर्ज मी स्वतः वाचलेला नाही. गरजच काय? त्याला म्हटलं, अहो, आमदाराला तिथं सगळं आयतं मिळतं. त्यानं टाइपरायटरवर झाकण घातलं. भारावला असणार.

४ मार्च, सकाळ
राजधानी. आमदार निवास, तिसरा मजला. खोली झकास. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. टेबल मात्र लंगडं, लिहिताना डुगडुगतं. तक्रार नोंदवली.

९ मार्च
पहिला दिवस. मागून दुसरी रांग, खांबाच्या मागे. मुद्दाम दिली असावी. महत्त्वाची माणसं कुणाच्या नजरेत येऊ नयेत म्हणून.

१७ मार्च
कमाल झाली! अध्यक्षांनी विचारलं, बाजूने असतील त्यांनी होय म्हणावं. मी म्हटलं. सवयीनं, कोर्टात म्हणतो तसं, पोटातून. पुढच्या तीन रांगा वळून बघायला लागल्या. नंतर पक्षाचे प्रतोद स्वतः आले. म्हणजे कधी हात वर करायचा, कधी घोषणा द्यायच्या, हे आम्हाला सांगतात ते. म्हणाले, वकीलसाहेब, असा आवाज गेल्या पंधरा वर्षांत ऐकला नाही. आता खांबाच्या पुढे बसा.
बायकोला फोन केला. तिनं विचारलं, कोर्टाचं काय झालं. बायकांना मोठं चित्र दिसत नाही.

२ एप्रिल
आज चार होय. शेवटचं कशाला होतं कळलं नाही, पण एकमतानं झालं.

३० एप्रिल
टेबलाबद्दल परत तक्रार. कोर्टाच्या भाषणाचा मसुदा सुरू. पहिलं वाक्य झालं: अध्यक्ष महोदय. पुढचं उद्या.

८ जुलै
मेहुण्याचं रजिस्टर पाकीट. चांगलं जाडजूड. शेडचं रडगाणं असणार, दुसरं काय? रविवारी निवांत वाचू.

१० जुलै, सकाळ
सुचलं! पाकीट घडी करून टेबलाच्या आखूड पायाखाली घातलं. तंतोतंत बसलं. टेबल आता दगडासारखं. दोन तक्रारींनी झालं नाही ते मेहुण्यानं केलं. घरचं माणूस ते घरचं माणूस.

१५ जुलै
ऐतिहासिक दिवस. न्यायव्यवस्था सुलभीकरण विधेयक. प्रतोद म्हणाले, विरोधक दंगा करतील, आज सगळी भिस्त तुमच्यावर. प्रत वाटली होती, एकशे सहा पानं. नावातच सुलभ आहे, मग वाचायचं कशाला? आपल्या कोर्टाचा मुद्दा मांडायचं मनात होतं, पण चर्चाच झाली नाही. गदारोळ नुसता. अध्यक्षांनी विचारलं, आणि मी असं होय ठोकलं की समोरच्या बाकावर झोपलेले ज्येष्ठ सदस्य दचकून उभे राहिले. विधेयक पास. टीव्हीवर माझा तोंड उघडलेला चेहरा तीनदा दाखवला.
बायकोचा फोन नाही. टीव्ही बंद असेल.

१९ जुलै
विधेयकाच्या शेवटी म्हणे एक यादी होती. बंद करायच्या छोट्या कोर्टांची. त्यात आपलं.
कुणीतरी आगाऊ सांगायला नको होतं का?

२२ जुलै
गावाला आलो. स्वागताला कुणी नव्हतं, ऊन फार होतं. पत्रक काढलं: माझं होय हे तत्त्वतः होतं, तपशिलाला नव्हतं. वकिलांच्या बार रूममध्ये पत्रक वाचून सगळे हसले. चला, वातावरण निवळलं.
संध्याकाळी मेहुणा घरी आला. पाणीसुद्धा घेतलं नाही. एकच विचारलं, पाकीट मिळालं होतं ना? मी म्हटलं, हो हो, मिळालं की! फार उपयोगी पडलं. रोज पडतं उपयोगी. त्यानं उठून चपला घातल्या. मग बायकोला म्हणाला, येतो गं. मला काही म्हणाला नाही. दमला असेल.

५ डिसेंबर
कोर्टाला कुलूप. मी राजधानीतच थांबलो, इथं माझी गरज जास्त आहे. बायकोनं सांगितलं, दादानं टाइपरायटर सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि हातानं सायकल ढकलत घरी नेला. बसला का नाही सायकलवर, विचारलं. तिनं फोन ठेवला.
संकल्प: कोर्ट परत आणणे. भात बंद.

१२ डिसेंबर
भात सुरू. थंडी आहे.

पुढच्या निवडणुकीचं वर्ष, २ फेब्रुवारी
पुन्हा उभा आहे. मधली वर्षं कामात गेली, डायरीला वेळ कुठला? माझ्या हिशेबानं एकूण दोनशे नव्वद होय. प्रचारात जाईन तिथं पोरंटोरंसुद्धा मागून होऽऽय ओरडतात. लोकप्रियता!
मेहुणा कापड दुकानाच्या दाराशी स्टुलावर बसतो, गिऱ्हाइकाच्या पिशव्या सांभाळतो. मी हात जोडले. त्यानं मला पिशवीचा बिल्ला दिला. इतकी वर्षं एक शब्द नाही. बहिणीशी बोलतो, माझ्याशी नाही. मनाला फार लावून घेतो माणूस.

१६ फेब्रुवारी
पडलो. अनामत जप्त. मतदान केंद्र नेमकं आपल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत होतं, तिथं मला एकूण अकरा मतं. वातावरण नव्हतं.

२० फेब्रुवारी, सकाळ
आमदार निवास. खोली रिकामी करायची शेवटची तारीख. सामान बांधायला बायको आली आहे. आता पुन्हा वकिली. कोर्ट बसनं अडीच तासांवर, पण प्रवासात वाचन होईल.

दुपार
घडलं ते लिहून ठेवतो.
बायको खाली झाडत होती. टेबलाखालून पाकीट निघालं. दादाच्या मशीनची अक्षरं तिला लांबून ओळखू येतात. उलटंपालटं करून बघितलं. चिकटवलेलंच होतं. माझ्याकडे पाहिलं, फोडलं. आणि खाटेवर बसून मोठ्यानं वाचायला लागली. अगदी त्याच्यासारखं, एकेक शब्द सुटा करून.
शेडचा उल्लेखच नव्हता. विधेयकाची प्रत आपल्या कोर्टात आली होती, तीवरून यादीची सगळी पानं त्यानं नव्यानं टाइप करून पाठवली होती. आपल्या कोर्टाखाली लाल रेघ. वर चिठ्ठी: पंधरा तारखेला मतदान आहे. यादीचं अकरावं पान, चौथी ओळ. तिथं मी नाही, म्हणून लिहून पाठवतोय. सभागृहात उभं राहून तेवढी एक ओळ मोठ्यानं वाचा. तुमचा आवाज आहे, सगळे ऐकतील.
बायको म्हणाली, म्हणजे दादाला वाटतंय, तुम्ही हे वाचलंत आणि तरी होय म्हणालात.
मी म्हटलं, मग सांगूया ना त्याला, उघडलंच नव्हतं म्हणून!
ती म्हणाली, त्यातलं कमी वाईट कोणतं ते ठरवा, मग सांगा.
मला ठरवता आलं नाही. पत्र तिनं पर्समध्ये घातलं आणि दुपारच्या बसनं एकटीच गेली. मी हाक मारली असती, पण आवाजच फुटला नाही.
संकल्प: आलेलं पत्र त्याच दिवशी वाचायचं. आता लिहिणार कोण, हा प्रश्न आहेच.
अक्षर खराब येतंय. टेबल हलतंय.