पुरुषांच्या खोलीतली खाट

प्रिय ड्रांदे,

तुझ्या घरी भाकर, मीठ आणि पाहुणा असू दे.

मी इटलीत सुखरूप पोचलो. तुझी लेक लिंदिता चांगलं जेवू घालते. बकऱ्या चरायला कोण नेतं?

काल तिच्या कॉलेजच्या मित्रांनी विचारलं, "पश्कमामा, तुम्ही जन्मलात मुलगी. पण आतून पहिल्यापासून पुरुषच होतात, की गावाने बनवलं?" मग त्यांचंच आपसांत जुंपलं. मी म्हटलं, "बाबा गेले. घरात मुलगा नव्हता. आमच्या डोंगरातल्या रीतीप्रमाणे मी लग्न न करण्याची शपथ घेतली, केस कापले, पुरुष म्हणून घर चालवलं. आता जेवा, निवतंय."

पोटातल्या ज्या गाठीसाठी इथे आलो, ती गर्भाशयाची निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इलाज बाईच्या शरीराचाच करावा लागेल. खाट मात्र तुम्ही म्हणाल तिथे." मी पुरुषांची खोली मागितली.

"मामा, तिथे सगळे घोरतात," लिंदिता म्हणाली.

"मग मी काय गातो?"

सोमवारी ऑपरेशन आहे. काळजी करू नकोस.

काही झालंच, तर मला शेवटची आंघोळ कोणी घालायची यावर गावात वाद होईल. पुरुष म्हणतील आम्ही, बायका म्हणतील आम्ही. सगळ्यांना अंगणात बसव, कॉफी दे. आत येऊन दार लाव, आणि आंघोळ तू घाल.

तुझा भाऊ,
पश्क