पाचवा फोटो

१८ ऑक्टोबर

जमलं! एकदाचं जमलं! सकाळी सात वाजून दहा मिनिटं, मुखेडबाहेरचा माळ, कुसळी गवतावर आडवं ऊन — आणि फोटोत जसंच्या तसं उतरलं. अठ्ठावीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरून याच रस्त्यानं जळकोटला गेलो. दर साली दसरा झाला की हे गवत असं पिवळंधमक व्हायचं, आणि मी काचेतून बघत बघत पुढं. थांबायची सोयच नव्हती. मागं पन्नास माणसं, डोक्यावर टायमाची कटकट. आता मागं फक्त अंबिका. बायकोला थांब म्हणलं की थांबते.

ट्रायपॉड उचलून खांदा दुखला म्हणाली. तीन काठ्यांचं काय वजन गं, म्हणलं. तिनं तो दुसऱ्या खांद्यावर घेतला.

२१ ऑक्टोबर

सत्यमचा पुण्याहून फोन. परत तेच. "बाबा, रिटायर होऊन दीड वर्ष झालं, तिथं दोघंच काय करता? घराला कुलूप लावा, इकडं या." मी म्हणलं, तुझ्या सातव्या मजल्यावर मला ऊन कुठून दिसणार?

नांदेडला प्रदर्शन भरतंय, 'शरदाचे रंग'. पाच फोटो पाठवायचे. उजेड फक्त देवाचा, कॉम्प्युटरवर रंग चढवायचा नाही. शेवटची तारीख आठ नोव्हेंबर. ते सत्यमला सांगितलं तर हसला! म्हणाला, "निवडला तुमचा फोटो, तर पुण्याचं नाव काढणार नाही. नाही निवडला तर डिसेंबरात यायचं." मी पण तावात बोललो — कबूल!

फोन ठेवला तेव्हा अंबिका भाकरी थापत होती. ऐकलं असणारच.

२४ ऑक्टोबर

आज एका शिवारात ट्रायपॉड उभा केला आणि दहा माणसं धावत आली. "कशाची मोजनी करायलाव? आमच्या रानातून रस्ता जायलाय का?" शप्पथ घेऊन सांगितलं, मी मोजणीवाला नाही, फोटोवाला. पटेना. शेवटी अंबिकानं सगळ्या बायांचा एकत्र फोटो काढायला लावला, तेव्हा कुठं चहा मिळाला.

२७ ऑक्टोबर

इस्लापूर! भाच्याच्या जीपनं, पहाटे निघून. सहस्रकुंडाच्या धबधब्याला पाणी अजून भरपूर. जंगलात सागाची पानं कडेनं तांबूस व्हायलीत, धावडा तर लालभडक. नऊच्या आत तीन फोटो असे मिळाले की मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या! भाचा बघतच राहिला.

अंबिका मध्येच म्हणाली, "अवो, मागं बगा की, उजेड तिकडं हाय." म्हणलं, तू डबा सोड. आता लिहिताना आठवतंय, मागं खरंच चांगला होता. असो.

चार झाले. एक राहिला.

३ नोव्हेंबर

सापडला पाचवा! जळकोट रोडला हणमंतरावाचं रान. बांधावर छातीएवढं गवत, सोन्यासारखं. मागं तूर फुललेली, पिवळी. मधोमध तीन वाकडी बाभळीची झाडं. पण मी पोचलो तोवर ऊन वर चढलेलं, सगळं चपटं दिसायला लागलं. परवा उजाडायच्या आधी येतो म्हणलं. हणमंतराव लई खूश. "आमच्या रानाचा फोटो? नांदेडला लावनार? या की मालक, आमी तयार र्‍हातो."

हा फोटो निवडला नाही तर माझं नाव देविदास नाही. पुण्याला आरामखुर्चीत बसवून मला नातवाचे मोजे शोधायला लावणार, ते काही होत नाही!

५ नोव्हेंबर

काय लिहू!

सव्वासहाला रानात पोचलो. गवत नाही! एक काडी उभी नाही. सगळा बांध कापून साफ, गवताचे ढीग घातलेले. तिन्ही बाभळींच्या बुंध्यांना खालून चुना, वरून गेरूचा पट्टा. बैलांची शिंगं रंगवलेली. आणि हणमंतराव गुलाबी फेटा बांधून उभे! "बगा मालक, फोटो निगनार म्हनून दोन दिस चौघं राबलाव. लई घान झाल्ती बांदाची. आता कसं इज्जतीत दिसायलंय!"

पाहुणा येणार म्हणून घर सारवावं तसं त्यांनी रान सारवलं होतं. आणि मी त्या घाणीपायीच आलो होतो!

आधी त्यांचा बैलांसोबत एक फोटो काढला. माणूस एवढा नटून आलाय, नाही कसं म्हणायचं? पण दुसऱ्या क्षणी त्या ढिगांकडं नजर गेली आणि डोकं फिरलं. "धर हे," म्हणून कॅमेरा अंबिकाच्या हातात कोंबला आणि सुरू झालो. काय काय बोललो ते कागदावर नको. हणमंतरावांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते हसायलाच लागले! त्यांची सून चहा घेऊन आली. हणमंतरावांनी कप पुढं केला, मी तोही घेतला नाही. एवढं वाईट मी कंडक्टरशीसुद्धा कधी वागलो नाही.

येताना अंबिका म्हणाली, "त्यांनी तुमच्यासाटी केलं, त्यांच्यासाटी न्हाई."

७ नोव्हेंबर

ऑनलाइन सेंटरवाल्या मन्मथकडं कॅमेऱ्यातलं कार्ड दिलं. आधी ठरवलेले चार फोटो सांगितले. पाचवा कोणता काका? म्हणलं, कार्डावरचा शेवटचा टाक. तो बैलांचा, मला ठाऊकच होतं. पाच तर भरले पाहिजेत. स्क्रीनकडं बघायचं सुद्धा मन झालं नाही. बाहेर बाकड्यावर बसून राहिलो.

चारांवर भरवसा आहे. सागाचा तर निवडतीलच.

८ ते १८ नोव्हेंबर

काही नाही. फोन नाही. ऊन रोज छान पडतंय, मी बघत नाही.

१९ नोव्हेंबर

पहिला! पहिला! सगळ्यात पहिला!!

नांदेडहून प्रदर्शनाच्या बाईंचा फोन आला. दोनशेच्या वर फोटोंमधून माझा पाचव्या नंबरचा पहिला! त्या म्हणाल्या, "काय उजेड पकडलाय हो! आणि ते कापलेलं गवत!" मी दोनदा विचारलं, पाचवाच ना? पाचवा! ज्याच्याकडं मी ढुंकून पाहिलं नाही तो! म्हणजे रागात सुद्धा माझा हात चुकत नाही. अठ्ठावीस वर्षांची नजर म्हणतात ती ही!

सत्यमला लगेच लावला. "आता बोल!" म्हणलं. तो पण लई हसला, "जिंकलात बाबा, राहा तिथंच" म्हणाला. डेपोत जाऊन सगळ्यांना पेढे. व्यंकट कंडक्टर म्हणाला, "ड्रायवर सायेब, आता आमाला वळख देता का न्हाई?" देतो म्हणलं, पण अपॉइंटमेंट घ्या! मग हणमंतरावांच्या रानात जाऊन माफी मागितली. त्यांनी अख्खा पेढा माझ्याच तोंडात कोंबला. अंबिका पण हसत होती, तोंडाला पदर लावून.

२४ नोव्हेंबर

कसं लिहावं कळेना.

नांदेडला हॉल भरलेला. हिनं ठेवणीतली हिरवी साडी नेसलेली. शिरताच समोर मोठा फोटो, खाली माझं नाव. चष्मा पुसून बघितला. बैल कुठायत? बैल नाहीतच!

गवताचे ढीग, एकेका ढिगावर कडेनं आलेलं ऊन. हवेत उडणारा भुसा, तोही चमकायलाय. गुलाबी फेट्यातले हणमंतराव हसत चहाचा कप पुढं करतायत. आणि मधोमध मी! हात वर, तोंड उघडं, मान ताठ, चेहऱ्यावर कोवळं ऊन.

मीच आहे त्यात. मग काढला कुणी? कॅमेरा कुणाच्या हातात होता?

शेजारचा एक जण म्हणाला, "काय टिपलंय! हे कावलेलं म्हातारं कोन असंल?" मी चष्मा काढून खिशात घातला.

नाव पुकारलं. गेलो. शाल घेतली, नारळ घेतला. टाळ्या. माईक पुढं केला. तिथं सांगायला पाहिजे होतं — तोंडापर्यंत आलं होतं. पण सत्यम दिसला डोळ्यासमोर, ते सातव्या मजल्यावरचं घर दिसलं. "धन्यवाद," म्हणलं आणि उतरलो. ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. सगळ्यांच्या नंतर थांबली.

बसमध्ये विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, "बटन दाबलं ते ठावं होतं. निगाला कसा ते ठावं न्हवतं." मग म्हणाली, "तुमी भांडत होतात, पन उजेड किती चांगला पडल्ता तुमच्यावर. वाया जाऊ नये वाटलं."

मला पहिल्यांदा माझी लाज वाटली. आणि तिचा एवढा अभिमान वाटला की छाती दुखली.

२५ नोव्हेंबर

सकाळी नांदेडला फोन केला. फोटोखालचं नाव बदला — सौ. अंबिका.

मग सत्यमला. म्हणलं, पैज मी हरलो रे. फोटो तुझ्या आईचा. पुण्याचं काय ते तिला विचार. तो हळूच म्हणाला, "बाबा, आपण आईला विचारलंच नव्हतं की."

फोन तिच्या हातात दिला. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "सांगन. पस्तीस सालात पयल्यांदा कुनी इचारलंय, आता मला घाई करू नका."

आणि कॅमेरा घेऊन बाहेर गेली.