साहेबाचं खोटं गाव

तीर्थस्वरूप आईच्या पायांवर डोकं ठेवून,

मी मजेत आहे, दोन वेळा पोटभर जेवतो. तुझा खोकला थांबला का? धाकटीला हे पत्र मोठ्याने वाचायला सांग, शेजाऱ्यांनाही ऐकू जाऊ दे.

मी नकाशे काढतो ना, त्या धंद्यात कंपन्या एकमेकांचे नकाशे चोरून छापतात. म्हणून आमचा साहेब प्रत्येक नकाशात एक खोटं गाव घालायला लावतो. ते दुसऱ्याच्या नकाशात दिसलं की चोरी पकडली! यंदा मला म्हणाला, "त्या डोंगरामागे काहीच नाही, तिथे घाल एखादं."

अगं, आपल्याच डोंगरामागे! तिथे त्याने 'ओसाड' छापलं होतं. ओसाड म्हटलं की जमीन कुणालाही विकता येते ना. माझं डोकंच फिरलं. मी मुकाट्याने आपलं गाव घातलं, नावानिशी, विहिरीसकट.

आता दुसऱ्या कंपनीने ते उचललंय आणि साहेब कोर्टात गेलाय. गाव खोटं आहे, असं शपथेवर सांगायला मलाच उभं करणार आहे.

मी सांगणार, गाव खरं आहे, तिथे माझी आई राहते. नोकरी गेली तर गेली, हात शाबूत आहेत.

तू फक्त तिथून हलू नकोस. साखळी घेऊन कोणी जमीन मोजायला आलं, तरी हलू नकोस.

तुझाच,
थोरला