दोन फुटांवर खडक

निमोणे, ता. शिरूर
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. ज्ञानेश्वरी हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. कांद्याचं रोप चांगलं उतरलंय. तुझ्या वहिनीचा गुडघा तेवढा दुखतो. आज सकाळी हरिपाठ म्हणताना मी दोनदा चुकलो.

पत्र आणणारा विक्रम दौंडचा वायरमन आहे. तो आल्या आल्या मेन स्विच बंद करेल. करू दे, मगच पुढचं वाच.

काल फोनवर तू म्हणालीस, घट बसायच्या आत गोधड्या धुऊन उरकायच्यात, शुक्रवारी मशीन लावते. मी बरं म्हणालो. मागून आमच्या मेव्हण्यांचा, सोपानरावांचा आवाज येत होता, मी फोन ठेवून दिला. व्होल्टेज कमी आहे, दोन-चार दिवस मशीन लावू नका, असं मी रविवारी सांगितलं, ते खोटं होतं.

त्या दिवशी तुझ्या सासूबाईंच्या पित्राला जेवताना तुझी सून वैष्णवी वाढता वाढता म्हणाली, "मामा, मशीनला हात लावला की मुंग्या येत्यात." तू म्हणालीस, "नव्या सुनंला कामाच्याच मुंग्या येत्यात." सगळे हसले. मीही हसलो. मग हात धुवायला म्हणून मोरीत गेलो आणि मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावला. तो पेटला. मी पिन काढली, टेस्टर खिशात घातला आणि बाहेर येऊन सुपारी खाल्ली. वैष्णवी त्या ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहते, हे मला दिसत होतं.

एकवीस वर्षांपूर्वी तुमच्या घराचं फिटिंग मीच केलं. अर्थिंगचा आठ फुटी रॉड परसात ठोकायला घेतला, तर दोन फुटांवर खडक लागला. दुसरी जागा बघायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी वास्तुशांत, पाहुणे यायला लागलेले. मी करवतीनं रॉड कापला आणि खालच्या तुकड्याला वायर बांधून भोवती विटा लावून वर झाकण ठेवलं. सोपानरावांनी विचारलं, "पाव्हणं, पुरता गेला का खाली?"

मी म्हणालो, "गेला की."

तुझ्या सासूबाईंना सांगितलं, इथं रोज तांब्याभर पाणी घाला, अर्थिंग ओलं राहायला हवं. त्यांनी सकाळी तिथं हळदकुंकू वाहिलं आणि नैवेद्य माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. त्या गेल्यावर आता तू पाणी घालतेस. कापलेला सहा फुटांचा तुकडा गोणपाटात गुंडाळून मी घरी आणला होता. त्यावर आमचा दोडक्याचा वेल आहे.

रविवारी निघताना झाकण उचलून पाहिलं. वायर गंजलेली, ओढताच हातात आली. म्हणजे मशीनमध्ये उतरलेल्या करंटला जमिनीत जायला वाट नाही. उद्या तो त्या पोरीच्या अंगातून जाईल. चार रात्री डोळा लागला की मला तुमची मोरी दिसते.

विक्रम नवा रॉड आणतोय. विहिरीकडच्या मऊ जमिनीत ठोकायला सांगितलंय. तू स्वतः उभी राहून बघ, शेवटचा फूट खाली जाईपर्यंत. कुणाच्या शब्दावर राहू नकोस.

हे सोपानरावांना वाचायला दे. मी दुपारच्या एसटीनं निघतोय, चौफुल्याला उतरून येईन. पत्र पुढं धाडलं, कारण नुसता आलो असतो तर पुन्हा चहा पिऊन, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून परत फिरलो असतो. मी तसा माणूस आहे, हे मला आता कळलंय. तुम्ही काय बोलाल याची भीती वाटते. पण त्याआधीच कुणी मशीन लावेल, तुझा फोन येईल आणि तू नुसतीच रडत असशील, याची त्याहून जास्त वाटते.

दारात आलो की आत घ्यायचं की नाही, ते वैष्णवीला ठरवू दे.

भ्यालेला, तुझाच
चांगदेवदादा