पाइपाची स्टेडी

४ ऑक्टोबर, केडगाव
आप्पांच्या गुऱ्हाळाचा शाफ्ट आला. चरकाचा, साडेसहा फूट. "दिवाळीआधी पायजे. न्हाई जमत तर आत्ताच सांगा, पुण्याला धाडतो." शेडात लेथ टाकल्यापासून पहिलं मोठं काम. बिघडलं तर परत कोण कुत्रं फिरकणार न्हाई. व्हय म्हणालो. पण एवढा लांब शाफ्ट फिरताना मधी थरथरणार. मधी धरायला स्टेडी पायजे. माझी जुन्या कंपनीत राहिली.

५ ऑक्टो.
दिलीपला फोन. माझ्या हाताखाली शिकला, आता फोरमन. ती स्टेडी मी केलेली. जाड पाइपाचं कडं, आत तीन बोल्ट, टोकाला पितळ. पाइप कंपनीच्या भंगारातला, हे खरं. पण अक्कल माझी, तीन रविवार माझे. मला कामावरनं घरी बसवलं त्या दिवशी गेटपास मागितला, तर हाच म्हणाला, "कंपनीचा माल हाय मामा, सही कशी करू?" आज म्हणतो, साफसफाईत गेली वाटतं. वाटतं! माझी खूण, पंचानं ठोकलेली तीन टिंबं, होती तिच्यावर. हरामखोर.

८ ऑक्टो.
शिरूरला भंगारवाल्याकडं. स्टेडी न्हाई. जाड पाइप मिळाला, हातभर. कडं कापलं, तीन भोकं पाडली. झकास.

९ ऑक्टो.
माती खाल्ली. भोकं आधी पाडली, कडं लेथवर उभं करायचा पाय नंतर वेल्ड केला. वेल्डनं कडं ओढलं, अंड्यासारखं झालं. तीन बोल्टांची टोकं मधी एका जागी येईनात. दिलीपनं नवा असताना हेच केलं होतं, तवा साऱ्या शॉपसमोर त्याला गाढव म्हणालो होतो.
मंगल म्हणाली, "जेवून घ्या, पाइप काय पळून जात न्हाई." बायकोवर उगाच ओरडलो.

१२ ऑक्टो.
दुसरं कडं. आधी वेल्ड. मग गुऱ्हाळाच्या राखेत पुरून ठेवलं, सावकाश निवू दे. आप्पांनी परत विचारलं.

१५ ऑक्टो.
आता भोकं. बरोबर बसली. शाफ्ट चढवला, जरा थरथर न्हाई. पंच मारला, तीन टिंबं. बघायला कोण न्हाई.

१७ ऑक्टो.
शाफ्ट अर्धा झाला आन् दारात दिलीप. कंपनीत जुन्या लेथवर लांबडं काम आलंय, स्टेडी न्हाई, साहेब त्याच्यावर चढलेत. माझ्या स्टेडीवर हात ठेवून म्हणतो, "ही द्या मामा. माझ्या नोकरीवर आलंय."
म्हणालो, "गेटपास आण."
हसला न्हाई. तोंड एवढंसं झालं. मला वाटलं होतं बरं वाटंल. न्हाई वाटलं.
"तुझी तू कर की. शिकवलंय तुला."
"केली मामा. कडं अंडं झालं."
लेथ बंद करून आत येऊन हे लिहितोय. मंगलनं त्याला चहा दिलाय, बाहेर बसलाय अजून. कोपऱ्यात पाइप उरलाय, एक कडं सहज निघंल. माझंबी अंडं झालं होतं, हे त्याला सांगितलं न्हाई.